टेबलापाशी झालेल्या मौनाच्या मोहिमेची हकिकत

जो मनातल्या मनात म्हटलेलेही ऐकतो आणि ज्यास भक्ताची हाक पोहोचावयास भोंगा लागत नाही, त्या जगन्नियंत्यास साष्टांग दंडवत घालून ही हकिकत लिहावयास घेतली आहे. विषय निर्व्यसनाचा, रणभूमी जेवणाच्या टेबलाची, आणि वीर ऐसा की ज्याने जन्मात तोंड मिटले ते घास चावण्यापुरते, आणि तेही दर वेळी नव्हे. श्रोते सज्जनांनी सावध चित्त द्यावे.

ऐसियास, अखंडवाणीमंडित राजमान्य राजश्री भोंगेवाले दादा यांचे लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान चौकात होते, आणि नशामुक्ती मंडळ ही त्यांची खास दौलत. मंडळाचे अध्यक्ष दादा, चिटणीस दादा, आणि बहुतकरून श्रोतेही दादाच. दर आठवड्यास हातगाडीवर भोंगा चढवून खासा स्वारी कूच करी, आणि पूर्वरंग चौकात, उत्तररंग बाजाराच्या तोंडाशी, आणि दरम्यान सारी रयत खिडक्या लावून घेई. गुत्त्याच्या दाराशी मुक्काम विशेष पडे, आणि गुत्तेवाला अदबीने खुर्ची बाहेर आणून देई, कारण की दादांचे भाषण ऐकता ऐकता गिऱ्हाइकांच्या घशास कोरड पडे आणि विक्री वाढे. ही गोष्ट दादांच्या कानी कोणी घातली नाही, आणि घातली असती तरी भोंग्यापुढे ती ऐकू येती ना. दादा मनाचे निर्मळ, थेंबास शिवलेले नाहीत. परंतु शब्दाचा पहिला पेला पोटात गेला की पिंप रिते होईतो थांबणे त्यांस ठाऊक नव्हते.

दादांचे धाकटे बंधू सुतार. हुन्नर मोठा, परंतु बाटलीचा अंमल हातावर बसला आणि हात कापू लागला, आणि त्या अमदानीत त्यांनी दादांस दुकानासाठी एक स्टूल करून दिले, ते चारी पायांवर एकदम कधी उभे राहिले नाही. मग दादांनी त्याच्या आखूड पायाखाली मंडळाचे 'नशा सोडा' हे पत्रक घडी करून सारले. मंडळाच्या पत्रकाने आजवर कोणास आधार दिला असेल तर तो त्या स्टुलास.

मग मागल्या साली धाकट्यांनी कोणास न सांगता सोडली. दवाखान्यात जात, गोळ्या घेत, आणि संध्याकाळी उंबरठा ओलांडीत नसत. ही खबर दादांस लागताच त्यांचे अंतःकरण भरून आले, आणि अंतःकरण भरले की ते भोंग्यातून सांडे हा त्यांचा शिरस्ता, सबब भर बाजारात त्यांनी जाहीर केले की, "लोकहो, तो बघा माझा भाऊ, कालपर्यंत गटारात होता, आज माणूस झाला." धाकटे त्या समयी समोरच्या दुकानात फळी ठोकीत होते. त्यांनी हत्यारे पिशवीत भरली, आणि मान खाली घालून निघाले, आणि थेट गुत्ता गाठला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे दळणवळण तुटले. दादांस बहुत दिवस वाटे की आवाज जरा लहान ठेवावयास हवा होता.

पुढे धाकट्यांनी पुन्हा सोडली, आणि हात ठिकाणावर आला, आणि त्या हाताने त्यांनी आपल्याच घरासाठी जेवणाचे टेबल केले. मग दोघी जावांची मसलत होऊन तह ठरला की टेबलावरील पहिल्या जेवणास दादांनी यावे. तहात कलम एकच, आणि ते थोरल्या बाईंनी दादांस समोर बसवून वाचिले.

"भावजी म्हणालेत, दारूचा 'द' काढायचा नाही. 'सोडलीस ते बरं केलंस' हेसुद्धा नाही. काढलंत तर ते ताटावरून उठतील, आणि पुन्हा तुमचं तोंड बघणार नाहीत."

"अगं, पण कौतुक?"

"डोळ्यांनी करा."

"आणि कोणी विचारलंच तर?"

"घास घ्या."

ऐसा हुकूम होऊन दादा मोहिमेवर निघाले, आणि सराव म्हणून वाटभर तोंडात लवंग धरिली. अशा प्रसंगी दारूगोळ्याचे वर्णन करण्याची चाल आहे, परंतु त्या शब्दात शत्रूचे नाव येते, सबब ते वगळले आहे.

भर दुपारी स्वारी दाखल झाली. दादांनी बसता बसता स्टुलाच्या सवयीने टेबलावर तळवा दाबून पाहिला, आणि टेबल जागचे हलले नाही. चारी पाय जमिनीस भिडलेले, जैसे चार सरदार एका दिलाने उभे. हे पाहताच दादांच्या बेंबीपासून एक प्रवचन उठले की, पाहा हो, संयमाचा महिमा पाहा, आणि ते छातीशी आले, आणि कंठाशी आले, आणि दातांच्या वेशीवर धडका देऊ लागले, तो दादांनी समोरचा वाफाळता बटाटा उचलून तोंडात कोंबिला. डोळ्यांतून धारा लागल्या.

"दादा, तिखट लागलं का?" धाकट्यांनी विचारिले.

"गरम आहे," इतकेच दादा वदले, आणि पहिला हल्ला परतला.

परंतु पंगतीस धाकट्यांचे सासरेबुवा होते, ऐकावयास कमी आणि बोलावयास मोकळे. त्यांनी भात कालवता कालवता सुरुंग पेटविला.

"काय हो भोंगेवाले, जावयाची सुटली म्हणतात. तुम्ही त्यातले जाणकार. टिकेल का यंदा?"

वाढणारीचा डाव हवेत राहिला. धाकट्यांनी कोणाकडे पाहिले नाही. त्यांचा हात टेबलाच्या कडेशी गेला, आणि खुर्ची किंचित मागे सरली. तो हात दादांनी पाहिला. शाळेच्या पहिल्या दिवशी याच हाताने त्यांचे बोट धरले होते, आणि फाटकाशी येऊनही सोडीत नव्हता, आणि त्या दिवशी दादांनी भाषण केले नव्हते, नुसते शेजारी उभे राहिले होते. मग दादांनी लवंग, बटाटा आणि प्रवचन हे तिन्ही एकदम गिळिले, आणि फर्माविले,

"टेबल चांगलं झालंय."

"काय म्हणता?" सासरेबुवा कान पुढे करून म्हणाले.

तेव्हा दादांनी ईश्वराने दिलेला आवाज जन्मात प्रथमच कामापुरता मोकळा सोडिला.

"टेबल! चांगलं झालंय!"

गल्लीतल्या खिडक्या सवयीने लागल्या. आणि धाकट्यांस हसू फुटले, आणि दाबता दाबता ठसका लागला, आणि खुर्ची पुन्हा टेबलाशी आली. "वाढ गं दादाला," ते म्हणाले, "घसा सुकला असेल, इतकं कमी बोलून."

निरोपाच्या वेळी धाकटे दारापर्यंत आले, आणि चौकटीवरून अंगठा फिरवीत उभे राहिले.

"दादा, दुकानातलं ते स्टूल. अजून डुलतं?"

दादांच्या मुखी अवघी फौज उभी राहिली. ती त्यांनी तेथेच थोपविली.

"डुलतं."

"उद्या घेऊन ये. पाय बदलून देतो."

"आणतो."

दुसरे दिवशी स्वारी डोईवर स्टूल उलटे धरून बाजारातून निघाली. गुत्तेवाल्याने शिरस्त्याप्रमाणे खुर्ची बाहेर काढली आणि विचारिले की, "दादा, आज भोंगा नाही? गिऱ्हाईक वाट बघतंय." दादा वर पाय केलेल्या स्टुलाखालून मान डोलावून पुढे गेले.

धाकट्यांनी आखूड पाय काढिला, नवा तासला, सरस लावून ठोकिला. घडीचे पत्रक पायालाच चिकटून आले होते. त्यांनी ते उलगडले, वरचे शब्द वाचिले, दादांकडे एकवार पाहिले, आणि सांडलेला सरस त्याच पत्रकाने पुसून काढिला. दादा अक्षर बोलले नाहीत. या मोहिमेतला अवघड गड तो हाच, आणि तो असा सर झाला.

मग सरस वाळेतो दोघे बंधू फळीवर शेजारी बसले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपल्याकडील जायबंदी: टाळू, भाजलेला. कामी आले: पत्रक, सरसात. स्टूल दुकानी चारी पायांवर उभे आहे. राहता राहिले गिळलेले प्रवचन, ते पोटात शाबूत होते, आणि थोरल्या बाईंनी त्याच सायंकाळी भाजी निवडता निवडता पूर्वरंगापासून अखेरपर्यंत ऐकून घेतले, आणि मध्ये एकदाही खिडकी लाविली नाही. तेही पुण्य थोर, सबब नोंदविले असे.