पेटी वेळेवर वाजली

शनिवार, ८ मार्च २००८. आकाश निरभ्र. सकाळी गार वारा, दुपारी दोन वाजता सावलीत छत्तीस अंश. पाऊस नाही.

(मार्चमध्ये 'पाऊस नाही' हे लिहायची गरज नसते, असं आमच्या घरी सर्वांचं मत आहे. पण पाटबंधारे खात्याच्या उपविभागात पर्जन्यमापकाची वही बावीस वर्षं माझ्याकडे आहे. न पडलेला पाऊस लिहून ठेवल्याशिवाय तो पडला नाही असं मला वाटतच नाही.)

दुसरा शनिवार असल्याने मला सुट्टी होती, आणि चहा पिता पिता मी एक छोटासा निर्णय घेतला : घरच्या कॉम्प्युटरवर आज नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची.

आता एका कारकुनाने आपल्या नालवाडीच्या घरी काय टाकावं न टाकावं याच्याशी दुसऱ्या कोणाचा काय संबंध? एरवी नसता. पण आमच्या कॉम्प्युटरवर तेव्हा एक अख्खं महिला भजन मंडळ चालत होतं.

ते असं झालं. माझी पत्नी कोकिळा या मंडळाची मुख्य गायिका. आंजी मोठी या गावी दरवर्षी तालुक्याची भजनस्पर्धा होते आणि तिथला पहिला क्रमांक जिल्ह्याच्या स्पर्धेला जातो. कोकिळेचं मंडळ सहा वर्षं स्पर्धेत उतरत होतं. मागच्या वर्षी दुसरं आलं, तेही एका गुणाने. पहिलं आलं ते रुख्मिणीबाईंचं मंडळ. या रुख्मिणीबाई आधी कोकिळेच्याच मागे बसून गायच्या, मग आंजीला घर बांधलं आणि तिथे वेगळं मंडळ काढलं. तो एक गुण कोकिळेने वर्षभर घरात सांभाळला होता. वरणात मीठ कमी झालं तरी तिला तो आठवायचा.

आणि यंदा जानेवारीत उंदरांनी मंडळाच्या पेटीचा भाता कुरतडला. नागपूरच्या कारागिराने रामनवमीनंतरचा वायदा दिला. तेव्हा मी पुढे झालो. कॉम्प्युटरला जोडायचा, पेटीसारख्या पट्ट्या असलेला एक की-बोर्ड माझ्याकडे होता. पट्टी दाबली की सॉफ्टवेअर पेटीचा आवाज काढतं आणि तो स्पीकरमधून येतो.

"भजनात डब्बा नाई पायजे," कोकिळा म्हणाली. "माणसं हासतीन."

"डोळे मिटून ऐकशील तर ओळखू येणार नाही," मी म्हणालो. "माझी जबाबदारी."

जबाबदारी घेतल्यावर मला कळलं की आवाज उशिरा येतो. पट्टी दाबायची, थांबायचं, मग 'सा'. मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. टेपरेकॉर्डर समोर ठेवला, पेन्सिलीने ठक् करून पट्टी दाबली, ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये घेतलं आणि 'ठक्' आणि 'सा' यांच्यामधलं अंतर पडद्यावर मोजलं. चाळीस वेळा मोजलं. सरासरी : सेकंदाच्या हजार भागांतले तीनशे चाळीस.

यावर उपाय एकच होता, आणि तो माझ्या बोटांत होता. आवाज उशिरा येतो ना, मग आपण पट्टी तेवढी आधी दाबायची! कोकिळा श्वास घेत असतानाच मी सूर दाबून मोकळा व्हायचो. ती तोंड उघडायची तेव्हा तिकडून स्पीकरमधून सूरही निघायचा. पंधरा दिवसांत मला ते इतकं अंगवळणी पडलं की घरातलं दार कोणी वाजवायच्या आधी मी उठायला लागलो. मंडळातल्या कोणालाही काही कळलं नाही. मीही सांगितलं नाही. ('माझी जबाबदारी' म्हणालो होतो ना.)

"पेटी बरी वाजते आता," फेब्रुवारीत कोकिळा म्हणाली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, माझ्याबद्दल 'बरी' हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उमटला. मी तारीख लिहून ठेवली आहे.

मग सगळं छान चाललं असताना सिस्टीम बदलायची काय गरज होती? हाच प्रश्न माझी मुलगी सुरभीने विचारला. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला प्रश्न विचारायची सवय लागली आहे.

"या मासिकात लिहिलंय," मी तिला दाखवलं. "नव्या सिस्टीममध्ये आवाजाची सगळी व्यवस्थाच नव्याने केली आहे. संगीताच्या सॉफ्टवेअरला आता मध्ये कुठे ताटकळावं लागत नाही. पट्टी दाबली की आवाज!"

"बाबा, स्पर्धा उद्या हाय."

"म्हणूनच आज टाकतो."

"पेपरच्या आदल्या दिवशी कोणी पेन बदलत नाई, बाबा."

"चांगलं पेन मिळत असेल तर बदलावं."

सुरभीने माझ्याकडे तिच्या आईसारखं पाहिलं आणि ती आत गेली.

दहाला भारनियमन संपलं तशी मी डीव्हीडी घातली. सिस्टीम बसायला दोन तास पाच मिनिटं लागली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला चाळीस. मग टेपरेकॉर्डर, पेन्सिल, ठक्. चाळीस वेळा. सरासरी : बारा. तीनशे चाळीसवरून बारा! मी खुर्चीत बसल्या बसल्या सारेगम वाजवला. वर गेलो, खाली आलो. बोट आणि सूर एकाच वेळी. एकही चूक नाही.

(एकटा माणूस सारेगम वाजवतो तेव्हा तो कोणाच्या पुढे नसतो आणि मागेही नसतो. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही.)

"एकदा माझ्याबरोबर गाऊन पाहतेस का?" मी कोकिळेला विचारलं.

"आज कोनी गायचं नाई. गळ्याले आराम हाय," ती म्हणाली. तिच्या गळ्याला उपरणं गुंडाळलेलं होतं आणि ती ज्येष्ठमध चघळत होती. "पेटी ठीक हाय ना?"

"आधीपेक्षा चांगली झाली आहे."

"आधी चांगलीच होती. तुमी काही केलं काय?"

"थोडी साफसफाई," मी म्हणालो.

रविवार, ९ मार्च. आकाश निरभ्र. पाऊस नाही.

काळी-पिवळी जीप ठरवली होती. मॉनिटर गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला आणि कॉम्प्युटरचा डबा सीटखाली ठेवला. यूपीएस नलूबाईंच्या पायाशी. नलूबाई मंडळात खंजेरी वाजवतात आणि कोणाला भीत नाहीत. पण यूपीएस मध्येच 'पीं' करायचा आणि त्या पाय वर घ्यायच्या.

आंजीला देवळासमोर मांडव होता. सोळा मंडळं आली होती. मी व्यासपीठावर वायरी जोडत असताना समोरच्या सतरंजीवरून एका आजीबाईंनी विचारलं, "काऊन गा, टीवी कायले आनला? मॅच हाय काय?"

"नाही आजी, ही पेटी आहे."

"हासू नोको बाप्पा म्हातारीले," त्या म्हणाल्या.

परीक्षक मधुकरराव हे आर्वीचे निवृत्त संगीतशिक्षक. त्यांनी चष्मा वर करून पडदा पाहिला, नियमांचं पत्रक उलटून पाहिलं, त्यात टीव्हीबद्दल काही सापडलं नाही, म्हणून मान हलवली. दोन भजनं, मिळून आठ मिनिटं. सातव्या मिनिटाला पहिली घंटा, आठव्याला दुसरी.

कोकिळेने डोळे मिटले, श्वास घेतला. माझी बोटं दोन महिन्यांच्या सवयीने पट्टीवर उतरली. आणि तिने तोंड उघडायच्या आत पेटी वाजली.

तिला वाटलं आपल्यालाच उशीर झाला. ती घाईने सुरात आली. ती जवळ आलेली पाहून बोटांना वाटलं आपण मागे राहिलो, म्हणून बोटं पुढे सरकली. तिने पुन्हा गाठलं. बोटं पुन्हा पुढे. नलूबाईंची खंजेरी आम्हा दोघांच्या मध्ये होती, तिला कोणाबरोबर जावं ते कळेना, म्हणून ती दोघांच्याही पुढे निघाली. मागे टाळ वाजवणाऱ्या सात जणींनी खंजेरीवर भरवसा ठेवला. चार मिनिटांचं भजन होतं, संथ, सकाळी देवाला उठवण्याचं. तिसऱ्या कडव्यापर्यंत देव उठला, त्याची अंघोळ झाली आणि त्याला गावाबाहेर पिटाळून आम्ही थांबलो. वेळ : दोन मिनिटं वीस सेकंद.



"पयून काऊन राह्यले?" कोकिळा ओठ न हलवता म्हणाली.

"तूच पळतेस."

"मी तुमच्या मागं पयून राह्यली! काय केलं तुमी त्या पेटीले?"

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात तीनशे चाळीस आणि बारा हे दोन आकडे शेजारी शेजारी उभे राहिले. बारा यंत्राचे होते. तीनशे चाळीस अजून माझ्या बोटांत होते.

"समजलं मला," मी म्हणालो. "आता दुसऱ्या भजनात मी बोटं आवरतो. तू बिनधास्त गा."

बोटं आवरायची म्हणजे किती, हे मात्र मोजायला वेळ नव्हता. मी अंदाजाने आवरली. कोकिळेने पहिली ओळ सुरू केली, मी मनात थांब, थांब म्हणत राहिलो आणि ओळीचं पहिलं अक्षर पुरतं संपल्यावर सूर दिला. ती माझ्यासाठी थांबली. मी तिच्यासाठी थांबलो. नलूबाई खंजेरी वर धरून दोघांकडे पाहत राहिल्या. आधी कोणी जावं याचा आग्रह दोन पाहुण्यांनी दारात करावा, तसं ते भजन चाललं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर पहिली घंटा झाली. दुसरी घंटा झाली तेव्हा आम्ही त्याच कडव्यात होतो, पण बऱ्यापैकी पुढे.

खाली उतरलो तर पायरीशी रुख्मिणीबाई उभ्या.

"काय व कोकिळाबाई," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "घरी गॅसवर दूध ठेवून आल्त्या काय? आधी पयत होत्या, मंग बंद केल्याचं आठोलं वाटते?"

कोकिळेने उत्तर दिलं नाही. मला तेच जास्त लागलं. तेवीस वर्षांत तिने कोणालाही उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं.

परतीच्या वाटेवर पवनारकडची हवा बरी लागत होती. मी मांडीवरच्या मॉनिटरच्या आडून सगळं सांगितलं. टेपरेकॉर्डर, पेन्सिल, ठक्, सगळं.

"म्हंजे दोन महिने तुमी आमच्या आधी वाजवत होते?" कोकिळा म्हणाली.

"हो."

"अन् आवाज बराबर येत होता?"

"बरोबर येत होता."

"मंग बदललं कायले?"

"आवाज वेळेवर यावा म्हणून."

जीपमधल्या नऊ बायकांनी हे वाक्य आपापल्या परीने समजून घ्यायचा प्रयत्न केला.

"मशीन वेळेवर आलं बाई," नलूबाई म्हणाल्या. "भाऊजीच नाई आले."

हसू आधी मागच्या सीटवर फुटलं, मग पुढे आलं. कोकिळा सर्वांत शेवटी हसली, आणि तिला डोळे पुसावे लागले. ते हसण्यामुळेच होतं असं मी लिहिणार होतो, पण मला खात्री नाही, म्हणून लिहीत नाही.

"जुनी सिस्टीम परत टाकू का?" घरी आल्यावर मी विचारलं.

"तुमी त्याले हातच लावू नका," ती म्हणाली.

सोमवारी गुणपत्रक आलं. खाली मधुकररावांची सही. प्रत्येक बाबीला वीसपैकी गुण.

आवाज : अठरा (सर्व मंडळांत सर्वाधिक). उच्चार : सतरा. लय : एक. पेटी : शून्य. एकूण ऐंशीपैकी छत्तीस. क्रमांक : सोळा मंडळांत सोळावा.

रुख्मिणीबाईंचं मंडळ अठ्ठावन्न गुणांवर पहिलं आलं आणि जिल्ह्याला गेलं. लयीला बारा आणि पेटीला बारा मिळाले असते तर आमचे एकोणसाठ होत होते. हा हिशेब मी केला, पण कोकिळेला दाखवला नाही. तिने तो माझ्या आधी केला होता.

मंगळवार, ११ मार्च. अंशतः ढगाळ, पाऊस नाही. संध्याकाळी पाच वाजता आमच्या घरी मंडळाची सभा झाली. हजर नऊ, निमंत्रित एक (मी, रूपराव). ठराव एकमताने मंजूर : पुढच्या वर्षी नागपूरहून आलेली पेटी सुरभी वाजवेल. रूपराव यांनी मांडवाबाहेर चपला सांभाळाव्या.