वेदनेत नापास

मी सुखी घरात वाढले, ही गंभीर बाब विद्यापीठाच्या निदर्शनास आली तेव्हा मी सर्जनशील लेखनाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. तोपर्यंत आमच्या घरात कुणालाच त्याची कल्पना नव्हती.

आमच्या विभागाची पद्धत अशी. दर गुरुवारी एकाने आपली कथा वाचायची, बाकीच्यांनी ती फाडायची, आणि फाडाफाड चालू असताना लेखकाने तोंडातून ब्र काढायचा नाही. कथा स्वानुभवाचीच हवी. कल्पनाशक्ती वापरल्याचं आढळलं तर तो गैरप्रकार धरतात, कॉपीच्या खालोखाल. माझ्या कथेत बाबा लिफ्ट दुरुस्त करून घरी येतात, आई दातांच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून येते, दोघं मटार सोलत शब्दकोडं सोडवतात, एका शब्दावरून हमरीतुमरीवर येतात आणि मग हसत जेवायला बसतात. मी वाचून संपवलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण चक्क घोरत होता.

"मग बाप मारतो कधी?" एकीने विचारलं.

"मारत नाही वाटतं," तिच्या शेजारचा म्हणाला. "निदान पितो तरी का?"

"चहा," मी म्हणाले, आणि मौनभंगाबद्दल माझे दोन गुण कापले गेले.

विभागप्रमुखांना आम्ही व्रणसर म्हणतो, कारण कुणाचंही लिखाण हातात घेतलं की ते "व्रण दाखवा, व्रण!" असं ओरडतात. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमची भाषा स्वच्छ आहे," ते खेदाने म्हणाले. "पण घरात अपेक्षित पातळीची वेदना आढळून येत नाही. त्या काळोखकडे बघा जरा."

काळोख हे टोपणनाव घेतलेला मुलगा म्हणजे आमच्या वर्गातला पहिला नंबर. त्याचे आईवडील दोनदा विभक्त झालेत, दोन्ही वेळा एकमेकांपासूनच.

"त्याला घरून केवढा पाठिंबा आहे!" सर म्हणाले.

"पण सर, आमच्याकडे तसं काही नाहीच हो."

"म्हणूनच विद्यापीठाने पूरक वेदनेची तरतूद केलेली आहे. या सत्रात घरात काहीतरी घडवून आणा. समिती स्थळपाहणीला येईल. नाहीतर वर्ष गेलं समजा."

लेखिका होण्यावाचून दुसरं काही मला आयुष्यात सुचलंच नव्हतं.

घरी सांगितल्यावर आईने कपाळावर हात मारला. "वेदना पाहिजेत म्हणे! पाठव त्यांना दवाखान्यात, एकेकाची अक्कलदाढ काढून हातात देते."

बाबांनी मात्र मनावर घेतलं. माझ्यासाठी ते काहीही करतील, हीच तर मुळातली अडचण होती. "मी आजारी पडू का गं?" त्यांनी विचारलं.

"नको बाई," आई म्हणाली. "मागच्या साध्या सर्दीला घर डोक्यावर घेतलं होतंत."

शेवटी भांडण ठरलं. संवाद आमच्या वर्गाने लिहिले आणि बहुमताने मंजूर केले. बाबांनी ते कामावर, लिफ्टच्या डक्टमध्ये उभं राहून पाठ केले. तिथे आवाज चांगला घुमतो म्हणे.

समिती आली. व्रणसर, बाहेरचे एक परीक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून काळोख. तिघे आमच्या सोफ्यावर दाटीवाटीने बसले. आईने चहा देताना डोळे पुसायचे होते, ते ती विसरली आणि साखर किती म्हणून विचारत बसली. बाबा उभे राहिले. "या घरात माझा जीव गुदमरतो!" असं म्हणून त्यांनी पाहुण्यांसाठी पंखा एकने वाढवला. आईला हसू फुटलं. तिला बघून बाबांना. दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून हसत सुटली, आणि परीक्षकांनी पेनाला टोपण लावायला घेतलं.

मी रडकुंडीला आले. "बाबा, प्लीज!"

माझा चेहरा बघून बाबा एकदम थांबले. पुढचं वाक्य त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी खिसे चाचपले, इकडेतिकडे पाहिलं आणि मग आईकडे बघत म्हणाले, "जन्मभर लोकांना वर नेऊन सोडलं मी. स्वतः मात्र रोज त्याच मजल्यावर उतरतो. त्याच दारापुढे. कंटाळा आलाय गं मला."

"वा!" परीक्षक म्हणाले, आणि टोपण काढलं.

समिती गेल्यावर आईने कप गोळा केले. "ते मजल्याचं कुणी लिहिलं होतं?"

"मी नाही," मी म्हणाले.

"तुझ्या वर्गातल्या पोरांनी?"

मी नाही म्हणून मान हलवली. बाबा घाईघाईने मध्ये पडले. "अगं, वेळ मारून न्यायची म्हणून तोंडाला आलं ते बोललो!"

"तेच म्हणतेय मी. तोंडाला आलं," आई म्हणाली आणि कप विसळायला आत गेली.

समितीचा अहवाल झकास आला. 'वेदनेचा उगम आढळून आला असून तिच्या सुयोग्य विकासासाठी वडिलांनी एका सत्रापुरते अन्यत्र वास्तव्य करावे.' बाबा "एवढंच ना!" म्हणत बॅग भरून लिफ्ट कंपनीच्या गोदामावरच्या खोलीत राहायला गेले. मला वाटलं होतं, आई अडवेल. तिने फक्त त्यांचा विसरलेला टॉवेल बॅगेत कोंबला. "माझ्या परीक्षेपुरतंच आहे हं," मी दोघांनाही सांगत राहिले. दोघंही हो हो म्हणत राहिली.

सुरुवातीला बाबा रोज फोन करायचे. आई म्हणायची, "ठेवा आता. पोरीचे मार्क जातील." मग फोन एक दिवसाआड आला. मग आईच्या दवाखान्यात गर्दी असायला लागली आणि बाबांच्या लिफ्ट अडकायला लागल्या. इकडे माझे गुण दर आठवड्याला वाढत होते. जेवणाच्या टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीवर मी लिहिलं, तर वर्गाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाबांची इतकी आठवण यायची की मी उशीत तोंड खुपसून रडायचे, आणि रडतारडता हात पेनाकडे जायचा. विभागाची शिकवण होतीच तशी पक्की. काळोख माझ्याशी बोलेनासा झाला. त्याने घरी जाऊन आईवडिलांना आणखी एकदा विभक्त व्हायची गळ घातली, पण ती बिचारी दमली होती.

निकाल लागला. मी विद्यापीठात पहिली, वेदनेत विशेष प्रावीण्य. तशीच धावत बाबांच्या खोलीवर गेले. "झालं बाबा! चला, बॅग भरा."

बाबा एकट्यापुरता भात लावत होते. त्यांचा हात थांबला. "आई म्हणाली का, या म्हणून?"

"तुम्ही चला तर आधी!"

"विचार तिला," ते म्हणाले.

मी तिला विचारलं. "येतील, आणि पुन्हा त्याच दारापुढे उभे राहतील," आई म्हणाली. "उगाच कशाला कंटाळा द्यायचा माणसाला?" ती हे रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी व्रणसरांची केबिन गाठली. "सर, सत्र संपलं. वेदना रद्द करा."

"पूरक वेदना निकालानंतर कायम होते," सर म्हणाले. "आणि इतकी उत्तम सामग्री कुणी परत करतं का, वेडाबाई? अजून पुस्तक व्हायचंय तुमचं."

"अहो, माझे आईबाबा आहेत ते!" मी किंचाळले.

"सुंदर!" सर म्हणाले. "हे वाक्य लिहून ठेवा, विसराल."

बाबा अजून गोदामावरच राहतात. ही गोष्ट मी आधी वेगळी लिहिली होती. तिच्यात बाबा त्याच संध्याकाळी बॅग घेऊन परत येतात, आई दार उघडते आणि तिघं जेवायला बसतात. मासिकाने ती साभार परत केली. वाचकांना रस वाटणार नाही म्हणे. मला संताप आला. वाचकांना समजता तरी काय तुम्ही, असं मी संपादकांना फोनवर सुनावलंसुद्धा. मग ही पाठवली, आणि ही तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत. खरं सांगा, बाबा घरात होते तोवर 'अजून किती उरलंय' म्हणून खाली नजर टाकत होतात ना? आणि त्यांनी बॅग भरली तेव्हा कसे सरसावून बसलात. वाचताना पोटात थोडं कालवलं असेल तर मनापासून आभार. तेवढ्यासाठीच ते तिकडे राहतात.