चीक सांडला नाही, तिथंच घोटाळा झाला

गाडीतलं कळणारी कोल्हापूर जिल्ह्यात दोनच माणसं आहेत, असं विश्वजित चौगले छातीठोक सांगत असे. त्यातलं एक तो स्वतः. दुसरं कोण, हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "शोध चालू हाय!"

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो शिफ्ट सुपरवायझर होता. ती पोटाची सोय. जिवाची सोय वेगळी होती. सुट्टीच्या दिवशी माळावर चुन्याच्या रेघा मारून मातीतल्या शर्यती व्हायच्या, त्यात आपली जुनी, छोटी गाडी धुरळा उडवत पळवायची! या नादात आजवर काय मिळालं म्हणाल, तर तिसऱ्या नंबरची एक ढाल आणि 'सहभागाबद्दल' असं लिहिलेले चार-पाच पेले. ढाल टीव्हीवर टांगलेली. पेल्यांत बयाबाई, म्हणजे विश्वजितची आई, मोहरी-जिरं ठेवायची.

बायको स्नेहल हिच्याकडं गाडीचं लायसन्स होतं. पण नवऱ्याच्या गाडीच्या स्टिअरिंगला तिचा हात लागायचा तो फक्त फडकं मारताना.

आता शर्यतीतली गाडी जितकी हलकी तितकी पळते. म्हणून विश्वजितनं काय करावं? मागची सीटच उपसून काढली! शर्यतीत फरक पडला की नाही देव जाणे, पण घरात पडला. एका लग्नाला जाताना बयाबाईला मागं पाट टाकून बसवलं आणि वडिलांना, म्हणजे केरबाआबांना, उशी दिली. हायवेच्या वळणावर पाट घसरला आणि बयाबाई कॅरमच्या सोंगटीसारखी या दारावरनं त्या दारावर गेली!

मंडपाच्या दारात उतरल्या उतरल्या तिनं वऱ्हाडासमोर जाहीर केलं, "पोरानं आईला पाटावर बसवलं बघा! जेवाय न्हवं, घसराय! ह्या डबड्यात मी परत पाय ठेवणार न्हाय!"

आबा जेवणाच्या पंगतीत एवढंच बोलले, "इस्वा, ही देऊन टाक. घरची गाडी घे. सगळी बसतील अशी."

'देऊन टाक' हे शब्द विश्वजितच्या काळजात खिळ्यासारखे घुसले. गाडी गेली म्हणजे माळ गेला, धुरळा गेला, दिवाळीनंतरची शर्यत गेली! पण तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं एका शोरूममध्ये आधीच एक लाल, बुटकी, टर्बो इंजिनाची गाडी हेरून ठेवली होती. हातानं गिअर टाकायचा आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. कागदोपत्री पाच माणसांची. फक्त मागच्या तिघांनी पाय घरी ठेवून यायचे!

हीच गाडी घरच्यांच्या गळी उतरवायचा डाव त्यानं रचला आणि परसात उभं राहून मित्राला फोनवर ऐकवला.

"पिराजी, ऐक. म्हशीच्या बाजारात व्यापारी काय करतोय? आधी मरतुकडी दावतोय. मग दुसरी नुसती उभी राहिली तरी गिऱ्हाईकाला ती बेस्ट वाटती. मी बी तेच करणार. आधी ती सात माणसांची पांढरी गाडी दावतो. असे गचके देतो, असे गचके देतो, की सगळी म्हणतील, नको ही! मग आणायची लाल. नाद खुळा!"

पलीकडं दोरीवरचे कपडे काढत स्नेहल गुणगुणत होती. ती आपल्याच तंद्रीत आहे, असं विश्वजितला वाटलं. नवऱ्यांना असं बरंच काही वाटत असतं.

रविवारी सगळं घर शोरूमला पोचलं. गाडी दाखवायला ऋतुराज नावाचा नवाकोरा सेल्समन. टायची गाठ एवढी घट्ट, की 'नमस्कार' म्हणतानासुद्धा आवाज पिळून निघत होता. आबा पुढं बसले. बयाबाई आणि स्नेहल मधे. ऋतुराजची रवानगी तिसऱ्या रांगेत झाली. तिथं त्याचे गुडघे कानाला लागले.

बयाबाईच्या मांडीवर स्टीलची मोठी किटली बघून विश्वजित चमकला.

"आई, हे काय आणलंस?"

"चीक हाय. म्हस व्यालीया न्हवं? आक्काला देऊन येऊ."

"कुठल्या आक्काला?"

"कुरुंदवाडच्या. तुझ्या आत्याला रं!"

ऋतुराज मागनं कसाबसा म्हणाला, "काकू, टेस्ट ड्राइव्ह फक्त हायवेच्या पुलापर्यंत असते."

आबांनी मान वळवली. "पावणं, पुलापतोर आमची म्हसबी बिनतक्रार जाती. गाडीचा गुण लांब गेल्याबिगर कळतोय व्हय?"

"पण मॅनेजर सर..."

"लावा त्यास्नी फोन. मी बोलतो."

ऋतुराजची नोकरी नवी होती आणि आबांचा आवाज जुना. त्यात बयाबाईनं त्याच्या तोंडात शेंगदाण्याचा लाडू कोंबला. लाडू गिळून होईपर्यंत पूल मागं गेला होता!

विश्वजितनं डावाला सुरुवात केली. क्लच असा सोडला, की गाडी बेडकासारखी उडाली. किटलीत गुडुप्! दुसरा गिअर असा टाकला, की जात्यात खडा आल्यासारखा आवाज झाला. स्पीडब्रेकर दिसला की पाय उचलायचा नाही आणि मोकळा रस्ता दिसला की ब्रेक मारायचा!

"बघा आबा, कशी गचके खातीया! दमच न्हाय हिच्यात."

"गाडी कशाला गचके खाईल? तुझा पाय गचके खातोय."

"न्हाय आबा, हिची बनावटच तशी हाय!"

"अरं, चीक हिंदकळतोय!" बयाबाई ओरडली. "सकाळी सकाळी घिऊन आलाईस काय रं?"

"असू दे हो आई," स्नेहल शांतपणे म्हणाली. "ह्यांना मोठ्या गाडीची सवय नाही ना."

विश्वजितनं ते गिळलं. डाव म्हटला की थोडं सोसावं लागतं. त्यानं आणखी एक सणसणीत गचका दिला. आणि मग तिसऱ्या रांगेतून, दोन गुडघ्यांच्या मधून, ऋतुराजचा अदबशीर आवाज आला.

"सर, नवीन शिकलाय का? घाबरू नका. क्लच हळू सोडायचा. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं."

 मातीत अंग घासून उभ्या राहिलेल्या पैलवानाला कुणी 'लंगोट बांधून देऊ का?' असं विचारावं, तसं झालं! विश्वजितच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग मान, मग टक्कल. नवीन शिकलाय? ढालवाल्याला? बायकोसमोर?

एका बाजूला डाव आणि दुसऱ्या बाजूला नाक. कोल्हापूरच्या मातीत नाक हरलेलं कधी कुणी बघितलंय?

"धरून बसा," तो म्हणाला.

आणि मग त्यानं गाडी चालवली! इचलकरंजीच्या रस्त्याला उसानं टम्म भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालले होते. त्यांच्या बाजूनं तो पुरणपोळीवरनं तूप ओघळावं तसा निघून जाई. गिअर कधी पडला, कळायचं नाही. वळण कधी आलं, कधी गेलं, कळायचं नाही. एका ठिकाणी वैरणीचा भारा बांधलेली मोटरसायकल शेतातून सरळ रस्त्यावर आली. स्वार दिसेना, नुसतंच गवत चालत येतंय! बयाबाईनं डोळे मिटले. पण विश्वजितनं ब्रेक असा दाबला, जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालतोय. गवत निघून गेलं. गाडी पुन्हा वाहू लागली.

विश्वजितनं विजयी मुद्रेनं आरशात पाहिलं. आता बोला म्हणावं!

बयाबाईनं किटलीचं झाकण उघडलं, आत डोकावली आणि तिचा ऊर भरून आला.

"एक थेंब सांडला न्हाय! काय गाडी हाय गं बाई!"

आबांनी म्हशीच्या पाठीवर मारावी तशी डॅशबोर्डवर थाप मारली. "जातिवंत हाय!"

"आबा, गाडी मी चालवतोय!"

"तू मगाशी बी चालवतच हुतास की!"

विश्वजितनं चिडून गिअर बदलला. तोही लोण्यासारखा पडला!

"इंजिन गरम झालं की हिची चाल खुलते, सर," ऋतुराजनं मागून ठोकून दिलं.

आता विश्वजितची गत मोठी विचित्र झाली. वाईट चालवावं तर पाय वाईट, चांगलं चालवावं तर गाडी चांगली! बिचारा मुकाट्यानं, झक मारत, अप्रतिम गाडी चालवत कुरुंदवाडला पोचला.

चिमणाबाई आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तिनं नको म्हटलेलं लग्न चौगल्यांत कधी जमलं नव्हतं आणि हो म्हटलेलं कधी मोडलं नव्हतं. दारात कोरी पांढरी गाडी थांबलेली बघून ती गल्ली दणाणेल अशी ओरडली, "थांबा! कुणी उतरायचं न्हाय!"

आत गेली ती ताट घेऊनच बाहेर आली. भाकरतुकडा ओवाळला. चाकांवर पाणी घातलं. चाकांखाली लिंबं सरकवली. शेजारणी जमल्या. एकीनं तर दारातल्या झेंडूचा हार केलासुद्धा! आत्यानं तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर ऐसपैस स्वस्तिक काढायला सुरुवात केली.

विश्वजितनं काच खाली करून टाहो फोडला, "आत्या, थांब! ही गाडी आपली न्हाय!"

"असं बोलू नये रं पोरा. कर्जाची असली तरी आपलीच म्हनायची!"

तिसऱ्या रांगेतून ऋतुराज खाली उतरला, म्हणजे ओघळला, कारण त्याचे दोन्ही पाय झोपले होते. "मॅडम, ही डेमोची आहे! कुंकू लावू नका! निघत नाही ते!"

आत्यानं त्याच्या टायकडं कौतुकानं बघितलं. "केरबा, डायवर बी ठेवलास व्हय? बरं केलंस! न्हायतर ह्यो इस्वा कुनाला पाटावर बसवील, नेम न्हाय!"

आणि ऋतुराज काही बोलायच्या आत त्याच्या खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी आणि कपाळाला गंध! खिशात त्याचा फोन कळवळून वाजत होता. पडद्यावर लिहिलं होतं, 'मॅनेजर सर'.

खाड्! नारळ फुटला. दोन सारखी, स्वच्छ भकलं. शेजारणी म्हणाल्या, "शकुन चांगला हाय!"

मग कुठं आबांनी घसा खाकरला. "आक्का, गाडी अजून घेतल्याली न्हाय. नुसती बघाय आणलीया."

आत्याचा हात हवेतच राहिला. "म्हंजे मी परक्याची गाडी ओवाळली?"

"व्हय."

शेजारणी एकमेकींकडं बघू लागल्या. विश्वजितच्या मनात आशेचा बारीकसा दिवा लागला. आत्या भडकेल, पांढऱ्या गाडीचं नाव काढू देणार नाही, आणि मग लाल...

"मी काय म्हन्तो केरबा," आत्या शांतपणे म्हणाली, "ओवाळल्यालं दारातनं माघारी धाडत नसत्यात. आता घरात हीच यायची. न्हायतर माझा नारळ वाया गेला असा गावभर बोभाटा हुईल."

"आत्या, एक लाल गाडी आहे, ती एकदा बघून..."

"आईला घसरवलं ते लय झालं!"

निकाल लागला. टोपी घातलेल्या ऋतुराजनं तिथंच सोप्यात बसून, चिकाची वडी खात, आयुष्यातली पहिली गाडी विकली. ही डेमोची गाडी मिळणार नव्हती, पण तीच जात, तोच रंग. "आणि सर, जुनी गाडी देऊन टाकायचीय ना? तुमच्या मोबाइलमधल्या फोटोत मागची सीट दिसत नाही. सीट कुठाय?"

विश्वजितनं मान खाली घातली. म्हैस व्याल्यापासून त्या सीटवर रेडकू झोपत होतं.

महिन्याभरानं नवी गाडी घ्यायला सगळे शोरूमला गेले. कोपऱ्यात डेमोची गाडी उभी होती. तिच्या बॉनेटवर गुलाबी स्वस्तिक अजून दिसत होतं. ऋतुराजनं किल्ली देताना विश्वजितचा हात दोन्ही हातांत धरला. त्याला भरून आलं होतं.

"सर, माझी पहिली विक्री! वहिनींचे उपकार विसरणार नाही."

"वहिनींचे? कसले?"

"त्यांनी आदल्या दिवशीच फोन केलावता. म्हणाल्या, 'हे गचके द्यायला लागले की फक्त एवढंच विचारा, नवीन शिकलाय का? पुढचं काम तेच करतील.'"

विश्वजितला परसातली दोरी आठवली. दोरीवरचे कपडे आठवले. गुणगुणणं आठवलं. त्यानं हळूच वळून बघितलं. स्नेहल ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसा नीट करत होती.

"अहो, तुम्ही मागं बसा," ती म्हणाली. "आत्यांकडं जाऊन येऊ. गाडीच एवढी चांगली आहे, मलाही जमेल."

"व्हय की!" आबा म्हणाले. "हिला काय, कुनीबी चालवावं!"

मधे बयाबाईशेजारी आत्यासाठीच्या पिशव्या बसल्या होत्या, म्हणून विश्वजित तिसऱ्या रांगेत शिरला. गुडघे कानाला लागले. बयाबाईनं मागं वळून ताकानं काठोकाठ भरलेली किटली त्याच्या मांडीवर ठेवली.

"नीट धर हां. सांडलं तर गाडीला नावं ठिवायची न्हाईत!"

स्नेहलनं क्लच सोडला. गाडी निघाली, रस्त्याला लागली, उसाच्या ट्रॉल्या मागं पडल्या. विश्वजितचा उजवा पाय सवयीनं पुढच्या सीटखाली ब्रेक शोधत होता. किटलीतलं ताक हललंसुद्धा नाही.

जिल्ह्यात गाडीतलं कळणारं दुसरं माणूस कोण, त्याचा शोध लागला होता. पण हे सांगायला त्याचं तोंड काही उघडेना!