मोकलकाकांचं हमस

उकडलेल्या काबुली चण्याच्या अंगावर कपडे असतात, आणि ते उतरवल्याशिवाय त्याला वाटणं हा त्याचा अपमान आहे, असं आमचे मोकलकाका मनापासून मानतात. चणा चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, साल इकडे, चणा तिकडे. असे किलोभर.

रोह्याजवळ वरसेत आमच्या बिल्डिंगमध्ये ते खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे पेणच्या खाडीकडचे, घरची मिठागरं. धाटावला एका कंपनीत फिटर होते, मग अकरा वर्षं मस्कतला. तिथून त्यांनी तीन गोष्टी आणल्या: एक भलीमोठी बॅग, 'चला, आटपा' अशा अर्थाचा 'यल्ला' हा शब्द आणि हमस. हमस म्हणजे चणे, तीळ, लसूण वाटून केलेलं, भाकरीला लावून खायचं एक प्रकरण. काकी त्याला 'ह्यांचं लिंपण' म्हणतात.

मे महिन्यात पोरंबाळं, लेकीसुना माहेरी-सासरी आल्या की एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर काकांचं हमस असतं. लिंबाऐवजी भाजलेली कैरी. मीठ गावाकडचं, खड्याचं. पिशवीतलं बारीक मीठ त्यांना चालत नाही. "त्याला चव हाय, पण तोंडओळख नाय," म्हणतात. वाटताना बर्फाचं पाणी लागतं म्हणून पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात जातात आणि बर्फ टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा छातीशी धरून आणतात.

एकदा माझ्या बायकोनं, शुभानं, कौतुकानं म्हटलं, "काका, अगदी पिठल्यासारखं झालंय हो!" काका दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

गेल्या मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, शेगडीजवळ जायचं नाही. काकांनी जाहीर केलं, "औंदा हमस खलास." आणि काळा चष्मा लावून रुसल्यासारखे खुर्चीत बसून राहिले.

काकींना ते बघवेना. त्यांनी परस्पर चणे भिजत घातले, उकडले आणि रविवारी दुपारी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावलं. "यल्ला गो, या सगळ्या! ह्यांचे चने सोलायचेत." आम्ही दहा-बाराजण त्यांच्या हॉलमध्ये पराती घेऊन बसलो. काका खुर्चीतून देखरेख करत होते. दिसत धड नव्हतं, म्हणून परातीतला एखादा चणा मागून घेत आणि बोटांनी चाचपत. "ह्यो कोनी सोलला? अंगात बनियन हाय अजून!" तो चणा मी सोललेला होता.

अर्ध्या तासानं आमची बोटं सुरकुतली. शुभानं न राहवून विचारलं, "काका, खरं सांगा, सालासकट वाटलं तर नाही का चालत?"

काकांनी हातातला चणा परातीत टाकला. मग म्हणाले, "चालतं."

सगळ्यांचे हात थांबले.

"मस्कतला आमच्या कॅम्पातला स्वयंपाकी सालासकटच वाटायचा. कोन सोलत बसतो एवढं? मीच सोलायचो. शुक्रवारी सुट्टी. जेवून सगळे झोपायचे. मला झोप नाय यायची. घरचं पत्र आलेलं नसलं तर ती दुपार सरतच नसे. मग त्याच्याकडून पातेलंभर चने मागून घ्यायचो नि एकेक सोलत बसायचो. पातेलं सरेपर्यंत चार वाजायचे. हाताला काम असलं का मानूस रडत नाय."

काकींनी मांडीवरची परात खाली ठेवली.

"ह्ये मला कधी सांगितलं नाय तुमी," काकी म्हणाल्या. "मी हितं म्हनायची, ह्यांना तिकडं मौज हाय, म्हनून पत्राला उत्तर उशिरा येतं."

"पत्रात काय लिवू? चने सोलले?"

काकी हसल्या आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग आपली परात उचलून त्या काकांच्या खुर्चीला टेकून बसल्या आणि मूठभर चणे त्यांच्या मांडीवर ठेवले. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं होतं, सोलू नका म्हटलं नव्हतं. त्यानंतर काकांनी कुणाचा चणा तपासला नाही. नुसते ऐकत होते. कोणाची सून कशी, कोणाची फर्स्ट शिफ्ट कधी, आंबा यंदा किती महाग. मधूनच हसत होते.

संध्याकाळी गच्चीवर तांदळाच्या भाकरीबरोबर हमस संपलं. पातेलं पुसून घेतलं पोरांनी.

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तर काका काळ्या चष्म्यात जिन्यापाशी उभे.

"संध्याकाळी मोकळा हाईस काय रे? शुभालापन घेऊन ये."

"का हो काका? आज काय आहे?"

"काय नाय," ते म्हणाले, "किलोभर वाल भिजत घातलेत."