साहेबरावांची आडवाट

साहेबरावांना डांबरी रस्त्याचा मनापासून राग होता. नावडता व्याही समोरून येताना दिसला की माणूस गल्लीत शिरतो, तसे ते चांगला रस्ता दिसला की जीप खाली उतरवत. मग बांधावरून, नाल्यातून, जिथे बैलसुद्धा मालकाकडे एकदा वळून बघेल अशा जागांतून ती नेत.

"रस्त्यानं तर सर्व्हिस मोटारबी जाती," ते म्हणत. "मग जीप कामून घ्यायची?"

धंद्याने ते कापडवाले. गुलमंडीवर दुकान, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी. पोलिस ॲक्शननंतर काही वर्षांनी औरंगाबादच्या छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. साहेबराव तिथे ताडपत्र्या घ्यायला गेले आणि जीप घेऊन आले. "ताडपत्री हिच्याच अंगावर होती," एवढाच खुलासा त्यांनी केला. तेव्हा त्यांना गाडी चालवता येत नव्हती. ती बैल जुंपून घरापर्यंत आणली.

पुढे ते शिकले, आणि शिकलेले सगळे आम्हा शेजाऱ्यांना शिकवू लागले. मी शाळेत इतिहास शिकवणारा माणूस, मला गाडीतले काही कळत नसे. म्हणून शिष्य म्हणून मीच त्यांना सोयीचा वाटे. सुटीच्या दिवशी दौलताबादच्या किल्ल्यामागच्या खडकांत धडे चालत.

"अंगठा स्टेअरिंगच्या आत नक्को, मास्तर. दगडानं चाक झटकलं तर अंगठा तिथंच ठिवून घरी यावं लागंल."

"उतारावर बिरेक दाबायचा नाय. पहिल्या गिअरात सोडायची. तिला तिच्या मनानं उतरू द्या."

"चिखलात चाक फिरायलं म्हंजी गाडी चालायली, असं नसतंय. ती आपली कबर खांदायली."

आणि सगळ्यांत मोठा धडा, "आधी पाय, मग चाक." नाला आला की ते जीप थांबवत, धोतर खोचत, काठी घेऊन पलीकडे चालत जात आणि परत येत. तेवढ्या वेळात माझी पन्नासेक पाने वाचून होत.

माझी पत्नी, कुसुम, त्यांच्या जीपमध्ये एकदाच बसली. खाली उतरली ती कंबर धरून. "साहेबराव, मी पुन्हा हिच्यात पाय ठेवायची नाही," असे तिने बजावले. तरी रोज एक वाटी भाजी त्यांच्या घरी तीच पाठवत असे.

ती आश्विनात गेली. थोड्या दिवसांचा ताप होता. अस्थी पैठणला गोदावरीत सोडायच्या होत्या. उद्या दहावा आणि आज सूर्य मावळायच्या आत विसर्जन झाले पाहिजे, असे गुरुजींनी सांगितले. मी मोटारीच्या वेळा बघत होतो. साहेबराव दारात आले.

"मी नेतो. वहिनी काय मोटारीनं जायच्या व्हय?"

मी गाडगे मांडीवर घेऊन बसलो. ते जमिनीला टेकवायचे नसते. साहेबरावांनी त्याच्याकडे पाहिले. "नाय म्हणत होत्या," ते म्हणाले, "बसल्या की नाय?"

जीप पैठणच्या रस्त्याला लागलीच नाही. ती बीडच्या रस्त्याने निघाली आणि पाचोडच्या अलीकडे शेतात उतरली.

"साहेबराव, पैठण उजवीकडे राहिलं."

"हौ."

"उशीर होईल."

"हुईल थोडा."

दुपार कलली तेव्हा नाला आडवा आला. कालपरवाच पाऊस पडून गेला होता, काळी माती लोण्यासारखी झाली होती. साहेबराव थांबले नाहीत.

"आधी पाय नाही का?" मी विचारले.

"अस्थी घेऊन निघालं की मधी थांबायचं नसतंय, मास्तर."

जीप निम्म्या नाल्यात गेली आणि रुतली. साहेबरावांनी आयुष्यात बहुधा प्रथमच ॲक्सिलरेटर दाबून धरला. चाके जागच्या जागी गरगरली आणि आसापर्यंत खाली गेली. मला ढकलायला उतरता येईना, कारण गाडगे कुठे ठेवणार? मी आत बसलो आणि सत्तरीकडे झुकलेला तो माणूस एकटा मागून ढकलत राहिला. त्याच्या टोपीवरसुद्धा चिखल उडाला होता.

नांगर सोडून एक शेतकरी आला. "का हो शेट, सरकारनं रस्ता काय वाळवणं घालायला केला व्हय?" तो हसला. मग त्याला माझ्या मांडीवरचे गाडगे दिसले. त्याने पटका काढून खांद्यावर टाकला.

"कोण?"

"आमच्या वहिनी," साहेबराव म्हणाले.

त्याने धुतलेले फडके आणून गाडगे बाभळीच्या फांदीला बांधले, बैल जुंपले आणि आम्हाला बाहेर काढले.

पैठणला पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. मी धावत घाटाच्या पायऱ्या उतरलो. मंत्र अर्धेच झाले असतील. पण विसर्जन उजेडातच झाले. मग मात्र माझा संयम सुटला.

"एक दिवस रस्त्यानं आला असता तर काय बिघडलं असतं? आज हे राहून गेलं असतं, साहेबराव!"

ते शेवटच्या पायरीवर बसून हाताचा चिखल धूत होते. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिले.

"आमच्या मंडळीला घेऊन मी मोटारीनं आलतो," ते म्हणाले. त्यांची पत्नी आम्ही त्यांच्या शेजारी राहायला येण्यापूर्वीच गेली होती. तिच्याविषयी ते माझ्याशी प्रथमच बोलत होते. "सकाळची मोटार. पाक घंटाभराचं काम. दुपारी घरी. कुलूप काढलं, आन् समोर सगळा दिवस तसाच पडलेला. त्या दिवसाचं काय करायचं, ते मला अजून कळलं नाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"म्हणलं, तुमचा दिवस वाटंतच सरू द्यावा. घरी जावं ते निजायलाच. नाला तेवढा चुकला माझा."

नदीवर अंधार उतरू लागला होता. त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, मोडली आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. किती दिवसांनी माझ्या तोंडाला चव आली. खाऊन झाल्यावर ते उठले, गुडघे धरून थोडे उभे राहिले.

"चला. आता सरळ सडकेनं घालतो. तुम्ही दमलाव."

"बसा, साहेबराव," मी म्हणालो. "मलाही घाई नाही."

ते लगेच बसले.