आश्विनातलं तुळशीचं लग्न

दिवाळीच्या आधीच तुळशीचं लग्न लावून मोकळा झालेला माणूस आमच्या धारूरात एकच. आमच्या शेजारचे किराणावाले गंगाधरभाऊ. भटजींनी लांबूनच हात जोडले, तेव्हा मंगलाष्टकं यांनीच म्हटली, तीही बँडच्या चालीत. गल्ली पोट धरून हसली.

"कावून हसता बे? तिला घाई हाय," असं म्हणत भाऊंनी अक्षता म्हणून दुकानातला बासमती उधळला.

माणूसच तसा. गिऱ्हाईक साखर मागायला आलं, की "लई खाता तुमी" म्हणून मेथीदाणे बांधून द्यायचे. दुकान कसं चालायचं, देव जाणे.

पण या घाईला कारण होतं. भाऊंच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मग लातूरला कॅन्सरवरची किरणं सुरू झाली. शनिवार-रविवार तेवढ्या घरी यायच्या. डाव्या बाजूची किरणं म्हणजे हृदयाच्या अगदी शेजारी. आवळा खाल्ला की हृदयाला किरणांचा त्रास कमी होतो, असं भाऊंनी कुठंसं ऐकलं आणि थेट डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "ते प्रयोग उंदरांवरचे. माणसाचं खात्रीनं सांगता येत नाही. जेवणात एखादा खाऊ द्या, औषध म्हणून नको."

"उंदराला चालतंय, मग हिला कावून न्हाई?" म्हणत भाऊ पिशवीभर कोवळे, तुरट आवळे घेऊन आले.

वहिनींनी हात लावला नाही. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आमच्याकडं आवळा तोंडात घालत नाहीत. "मरन आलं तरी नेम मोडायची न्हाई मी," त्या म्हणाल्या. मग भाऊंनी लग्नच अलीकडं ओढलं. त्या दिवशी वहिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि आवळा खाल्ला.

किरणं संपली. हृदयाला काही झालं नाही. पण वर्ष उलटायच्या आत दुखणं यकृतात उतरलं आणि वहिनी गेल्या.

तेराव्यानंतर भाऊंजवळ जाऊन बसलो. धीर द्यायला म्हणून म्हणालो, "भाऊ, आवळ्यानं निदान हृदय तरी सांभाळलं."

"न्हाई हो मास्तर," भाऊ म्हणाले. "त्येचा भरवसा न्हाई, हे मला बी कळत व्हतं. पर त्या मशिनीच्या खोलीत तिला एकलीलाच न्यायचे. दार लावून घ्यायचे. मी भाईर बाकड्यावर. लई भ्यायची हो ती. म्हनलं, माझ्या हातचं कायतरी तिच्या संगं आत जावं."