गोटा टायरवाले जावई

आमचे साडू गजाननराव कोणाच्याही घरी गेले, की यजमानाला नमस्कार करण्याआधी त्याच्या गाडीच्या टायरवर तळहात ठेवतात. डोळे मिटतात. मग वैद्याने नाडी बघून सांगावं तसं म्हणतात, "खडा हाय." खिशातून बोथट पट्टी निघते, खडा निघतो, तो यजमानाच्या हातावर ठेवला जातो, आणि मगच गजाननराव पाणी पितात.

माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिलेली. मी अकोल्याला शाळेत भूगोल शिकवतो. सासुरवाडी तिवसा. मी तिथं गेलो तर घरात असेल ते पानात पडतं. गजाननराव यायचे म्हटलं की अंगणात कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्या रचल्या जातात.

का? तर ते तिकडे चेन्नईकडे रेसच्या गाड्यांचे टायर साफ करतात.

त्या टायरला नक्षी नसते. आपल्याकडे टायर असा गोटा झाला की फेकायचा किंवा झाडाला झोका बांधायचा. तिथं नवा टायरच गोटा. धावून धावून तो तापतो, गुळासारखा चिकट होतो, आणि रस्त्यावरचा रबराचा चुरा, वाळू, खडे अंगावर ओढून घेतो. गाडी आत आली की गजाननराव त्यावर गरम हवा मारतात आणि पट्टीने ती सगळी खपली खरवडून काढतात, म्हणजे तोच टायर पुन्हा गाडीला लावता येतो. एवढंच. पण सासरे गावभर सांगतात, "आमचे जावई रेसमंदी असतात."

मी एकदा जेवताना म्हणालो, "म्हणजे भांडीच घासायची, फक्त रबराची." त्या दिवशी सासूबाई मला दुसरा रोडगा विचारायला विसरल्या.

गजाननराव मात्र मनाला लावून घेत नाहीत. "भाऊ, टायर गुळगुळीत पायजे अन् चिकट बी पायजे," ते मला समजावतात. "मानसाचं बी तसंच हाय." यावर सासरे मान डोलावतात. मी वर्गात मान्सून शिकवतो, तेव्हा एकही मान डोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको रामेश्वरहून परतताना चेन्नईला थांबलो. बायको दमली होती, ती लॉजवर राहिली. मी ट्रॅकवर गेलो. खरं सांगतो, कौतुक करायला गेलो नव्हतो. काहीतरी खोट सापडावी, एवढीच इच्छा होती.

ते मागच्या शेडमध्ये बसले होते, मांडीशी टायर, हातात पट्टी. येणारा-जाणारा "भाऊ, भाऊ" करत होता. तमिळ माणसांनाही यांनी भाऊ म्हणायला शिकवलं होतं. माझ्या शेजारचे लोक मला अजून "मास्तर" म्हणतात.

रेस सुरू झाली. सगळे धावत पुढे, ट्रॅकच्या कडेच्या भिंतीशी गेले. गजाननराव उठले नाहीत. उलट त्यांनी स्टूल फिरवलं आणि ट्रॅककडे पाठ करून बसले.

"तुम्ही पाहत नाही?"

"नाई."

"काहून?"

"पायलं तं जीव खालीवर होते, भाऊ. म्या नजरचुकीनं एखादा खडा ठेवला असन तं?" ते कान देऊन ऐकत होते. गाड्यांचा आवाज यायचा, जायचा. मधेच ते पुटपुटायचे, "हा आपला. गेला." कधी त्यांनी माझं मनगट धरलं, ते त्यांनाही कळलं नसावं. माझ्या हातावर बोटं उमटली होती.

रेस संपली. गाडी आत आली, हेल्मेट काढून एक कोवळा पोरगा हसत उतरला. तेव्हा कुठे गजाननरावांनी मान वळवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"ओके, अम्मा. ओके," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"त्या पोराची माय," त्यांनी मला सांगितलं. "तिची भाषा मले येत नाई, माझी तिले. मंग एवढंच बोलतो आमी."

कोण कितवा आला, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "तिवशाले सांगू नोका, भाऊ. मामंजी म्हनतीन, जावई भेकड निंगाला."

गाडीत मी खिडकीशी बसून खूश होतो. इतक्या वर्षांनी खोट सापडली होती, तीही त्यांच्याच तोंडून. बायकोला सांगितली नाही. ही गोष्ट सासऱ्यांसमोर, सगळे जमलेले असताना सांगायची होती.

तिवशाला पोचलो. सगळे जमले. सासरे पुढे सरकले. "पायली का रेस? आमचे जावई कुठं असतात तिथं?"

मी तोंड उघडलं. मनगट अजून थोडं दुखत होतं.

"सगळे भिंतीला धरून उभे असतात," मी म्हणालो. "गजाननराव सगळ्यात पुढे."

"मले मालूमच होतं," सासरे म्हणाले, आणि शेजारी सांगायला उठून गेले. रामेश्वर कसं झालं, ते मला कोणी विचारलं नाही.